घरची आघाडी

युद्ध म्हटले की डोळ्यांपुढे रणांगण उभे राहते. परंतु रणांगणावर लढणाऱ्या एका शिपायामागे घरी राहिलेली कितीतरी माणसे राबत असतात. कोणी त्याच्यासाठी धान्य पिकवतो, कोणी कापड विणतो, कोणी बूट शिवतो, तर कोणी खाणीत उतरून कोळसा काढतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये या घरी राहिलेल्या माणसांच्या फळीला ‘घरची आघाडी’ असे म्हणत. ही आघाडी कशी उभी राहिली, हे पाहण्यासारखे आहे.

ब्रिटनने ३ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच्या दोनच दिवस आधी, १ सप्टेंबरपासून, लंडनसारख्या मोठ्या शहरांतील मुलांना खेड्यापाड्यांत हलवण्यास आरंभ झाला होता. तीन दिवसांत सुमारे १५ लक्ष माणसे हलवली गेली, आणि त्यांत बहुसंख्य शाळेतील मुले होती. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला विषारी वायूपासून रक्षण करणारा मुखवटा आणि हाती कपड्यांचे लहानसे गाठोडे, अशा थाटात ती आगगाडीत बसली. कोणाच्या घरी उतरायचे आहे, हे बहुतेकांना ठाऊकही नव्हते.

युद्धासाठी पैसा लागतो हे खरे. पण नुसत्या पैशाने युद्ध चालत नाही. सरकारच्या तिजोरीत कितीही पैसा असला, तरी देशातील हात तेवढेच, लोखंड तेवढेच आणि जमीनही तेवढीच असते. जो कामगार काल शिवणयंत्रे बनवीत होता, त्यानेच आज बंदुका बनवायच्या असतात. म्हणजे शिवणयंत्रे कमी होणार हे उघड आहे. तेव्हा शांततेच्या काळातील कामांवरून माणसे व माल काढून ते युद्धाच्या कामाला लावणे, आणि जे थोडे उरले ते सर्वांत वाटणे, हेच युद्धकाळातील अर्थव्यवहाराचे खरे मर्म होय. यांपैकी वाटण्याचे काम अधिक कठीण असते.

ब्रिटन हे बेट आहे. युद्धापूर्वी तेथील लोकांच्या अन्नाचा निम्म्याहून अधिक भाग समुद्रापलीकडून येत असे. जर्मन पाणबुड्या नेमक्या याच जहाजांच्या मागे लागल्या. जहाज बुडाले की त्यातील खलाशी जात, आणि त्यांच्याबरोबर गहू, मांस व साखरही तळाला जाई. जी जहाजे सुखरूप पोहोचत, त्यांनाही दारूगोळा व पेट्रोल वाहून आणायचे असे. साहजिकच अन्नासाठी जागा कमी पडू लागली.

वस्तू कमी पडली की तिचा भाव चढतो. सरकार स्वस्थ बसले असते, तर श्रीमंतांनी चढ्या भावाने लोणी घेतले असते आणि गरिबांच्या मुलांना कोरडा पाव खावा लागला असता. पहिल्या महायुद्धात दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्या आणि युद्ध संपत आले तेव्हा, १९१८ साली, अन्नाचे शिधावाटप सुरू झाले. या खेपेस तसा उशीर करून चालणार नव्हते. ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आणि डुकराचे खारवलेले मांस यांचे शिधावाटप सुरू झाले. दर माणसी आठवड्याला लोणी ४ औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम, आणि साखर १२ औंस, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम, असे प्रमाण ठरले. पुढे साखरेचे प्रमाण आणखी घटले. जुलैमध्ये चहाची पाळी आली. आठवड्याला २ औंस चहा! चहावाचून ज्यांचे पान हलत नाही, अशा त्या लोकांना हा हुकूम किती जड गेला असेल!

लॉर्ड वुल्टन हे अन्नमंत्री पूर्वी मोठमोठ्या दुकानांचा कारभार पाहणारे व्यापारी होते. गिऱ्हाइकाचे मन त्यांना चांगले कळत असे. डबाबंद मासे, फळे यांसारख्या जिनसा सर्वांना पुरण्याइतक्या नव्हत्या, आणि त्या सर्वांना हव्याही नसत. त्यांसाठी १९४१ च्या डिसेंबरात गुणांची पद्धत सुरू झाली. प्रत्येकाला चार आठवड्यांसाठी ठरावीक गुण मिळत आणि ते कशावर खर्चायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. एखादी जिन्नस भराभर संपू लागली की सरकार तिचे गुण वाढवी. पडून राहिली की कमी करी. मूल्य देण्यासाठी पैसा तर लागेच, पण गुण सर्वांपाशी सारखे असल्याने श्रीमंताचा हात गरिबाहून फारसा लांब पोहोचत नसे.

लहान मुलांसाठी, गरोदर स्त्रियांसाठी व अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी हिरव्या रंगाची निराळी शिधापुस्तके होती. त्यांवर दूध आधी मिळे, आणि संत्री आलीच तर तीही आधी मिळत. राजघराण्यालाही शिधापुस्तके होती. राजवाड्यातील न्हाणीघरांतल्या टबांना आतून पाच इंचांवर रेघ ओढलेली होती, कारण ऊनऊन पाण्यासाठी कोळसा लागतो. राजाने पाच इंच पाण्यात स्नान केल्याने कोळसा तो कितीसा वाचणार! परंतु जो नियम राजाला लागू आहे, तो पाळताना प्रजा कुरकुर करीत नाही.

कपड्यांचे शिधावाटप १ जून १९४१ रोजी सुरू झाले. हा बेत अगदी गुप्त ठेवला होता, कारण आधी कळते तर लोकांनी दुकाने रिकामी केली असती. नवी तिकिटे छापली असती, तरी गुपित फुटले असते. म्हणून शिधापुस्तकांत मार्गरीन नावाच्या कृत्रिम लोण्याची जी तिकिटे न वापरता पडून होती, तीच कपड्यांसाठी चालतील, असे जाहीर करण्यात आले. माणशी वर्षाला ६६ तिकिटे होती, आणि पुरुषाच्या एका सुटालाच २६ लागत.

अन्न वाचवून भागत नाही. ते पिकवावेही लागते. कुरणांत नांगर फिरू लागले, कारण एका एकरात गुरे चारून जितकी माणसे पोसली जातात, त्याहून कितीतरी अधिक माणसे त्याच एकरातील गहू-बटाट्यांवर जगतात. शहरांतील लोकांनी परसातील फुलझाडे उपटून कोबी लावला. शेकडो वर्षांच्या टॉवर ऑफ लंडन या किल्ल्याच्या कोरड्या खंदकातही भाजीपाल्याचे वाफे दिसू लागले. गडी लढाईवर गेल्यामुळे शेतांवर स्त्रिया आल्या. त्यांच्या ‘भूमिसेने’त एका काळी ८०,००० हून अधिक तरुणी होत्या. १९४१ च्या डिसेंबरात तर वीस ते तीस वर्षांच्या अविवाहित स्त्रियांनाही राष्ट्रसेवा सक्तीची झाली.

सर्व बेत बरोबर उतरले असे मात्र नव्हे. आरंभी खाणीतील कित्येक तरुण सैन्यात गेले आणि पुढे कोळसाच पुरेना. मग मजूरमंत्री अर्नेस्ट बेविन यांनी १९४३ च्या डिसेंबरात चिठ्ठ्या काढण्याची पद्धत घातली. भरती होणाऱ्या ज्या तरुणांच्या क्रमांकाचा शेवटचा अंक निघेल, त्यांनी सैन्याऐवजी खाणीत जायचे. विमान चालवण्याची स्वप्ने पाहणारी मुले अशा रीतीने जमिनीखाली उतरली. त्यांना गणवेश नव्हता. त्यामुळे रस्त्यात लोक त्यांना भित्रा, पळपुटा असे म्हणत.

पैशाचाही प्रश्न होता. कारखाने अहोरात्र चालले, मजुरी वाढली, परंतु दुकानांत माल थोडा. अशा वेळी लोकांच्या हातचा पैसा मालाच्या मागे धावतो आणि भाव भडकतात. म्हणून सरकारने कर वाढवले. १९४१ साली प्राप्तिकराचा मुख्य दर पौंडाला १० शिलिंग, म्हणजे निम्मा झाला. उरलेल्यातून बचतपत्रे घेण्याचा आग्रह शाळाशाळांतून होऊ लागला.

त्याच वेळी, त्याच ब्रिटिश सरकारच्या अमलाखालील हिंदुस्थानात काय घडत होते? येथील सैन्य व येथील माल युद्धासाठी घेतला जाई. त्यातील फार मोठ्या भागाची किंमत ब्रिटनने लंडनमध्ये आपल्या खाती कर्ज म्हणून मांडली, आणि येथे त्या बदल्यात नोटा छापल्या गेल्या. चलन कित्येक पटींनी वाढले. माल वाढला नाही. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तेथून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून बंगालच्या किनारपट्टीतील हजारो होड्या सरकारने काढून घेतल्या. कोळ्यांची जाळी कोरडी पडली आणि धान्याची ने-आण थांबली. ऑक्टोबरात मिदनापूर भागाला चक्रीवादळाने झोडपले. कलकत्त्यातील युद्धोपयोगी कारखान्यांच्या कामगारांना स्वस्त धान्य देण्याची व्यवस्था होती. खेड्यांतील भूमिहीन मजुराला मात्र भडकलेल्या बाजाराच्या हवाली करण्यात आले. त्याच्यासाठी ना शिधापुस्तक होते, ना बांधलेला भाव. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये सुमारे ३० लक्ष माणसे मेली, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. मुंबई शहरात शिधावाटप १९४३ च्या मे महिन्यात सुरू झाले. कलकत्त्यात ते सुरू व्हायला १९४४ चा जानेवारी संपत आला. ब्रिटनमध्ये मात्र त्या वर्षी कोणी उपाशी मेले नाही.

१९४५ साली युद्ध संपले, परंतु शिधापुस्तके संपली नाहीत. ब्रिटनवर कर्जाचा डोंगर होता, आणि त्यात हिंदुस्थानचे देणे दीड हजार कोटी रुपयांहून अधिक होते. युद्ध चालू असताना जो पाव कधी मोजून मिळाला नव्हता, तोही १९४६ ते १९४८ या काळात शिध्यावर मिळू लागला. मांसावरील बंधन अखेर जुलै १९५४ मध्ये उठले. त्याच्या आदल्या वर्षी, १९५३ च्या फेब्रुवारीत, गोळ्या-चॉकलेटे मोकळी झाली. युद्धाच्या पहिल्या वर्षात जन्मलेली मुले तेव्हा तेरा वर्षांची झाली होती. खिशातील नाणी मुठीत धरून, बरोबर तिकीट न घेता ती दुकानाकडे धावली.