चमचा न फिरवलेला चहा

चहात साखर घाला आणि चमचा बाजूला ठेवून द्या. कप रिकामा होतो, घोट सगळे अगोड आणि साखर तळाशी बसलेली. विरघळली तरी ती आपणहून पटकन वर येत नाही, कारण रेणू धक्के खात वाकडेतिकडे पसरतात. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो.

हाच हिशेब प्राणवायूला लावून पाहू. साचलेल्या पाण्यातून एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, जायला त्याला सेकंदाचा चार हजारावा हिस्सा पुरतो. एका मिलिमीटरला चार मिनिटं लागतात, सेंटिमीटरला सात तास आणि मीटरला सुमारे आठ वर्षं!

अमीबाचं यात काहीच अडत नाही. त्याचा अख्खा देह मिलिमीटरहून लहान, त्यामुळे अंगभर दारं उघडी. आपल्या छातीपासून पायाचा अंगठा मात्र मीटरभर लांब. नुसत्या पसरण्यावर भिस्त असती, तर पहिलीत घेतलेला श्वास अंगठ्याला नववीत पोचला असता.

त्यावरचा पहिला तोडगा म्हणजे दार मोठं आणि भिंत पातळ. अंगावरची सगळी कातडी पसरली तर जेमतेम वीस चौरस फूट भरते. फुप्फुसात मात्र सुमारे ४८ कोटी वायुकोश आहेत, प्रत्येक जेमतेम ०.२ मिलिमीटरचा. त्यांचं एकूण क्षेत्रफळ ७० चौरस मीटरच्या घरात जातं, म्हणजे साडेसातशे चौरस फूट. टू बीएचकेचा कार्पेट एरिया छातीत घडी घालून ठेवलेला! हवा आणि रक्त यांमधली भिंत एक मायक्रॉनहूनही पातळ. वहीच्या एका पानाच्या जाडीत अशा शंभर भिंती सहज मावतील.

या घरात दिवसाला वीस हजार श्वास येतात. अर्ध्या लिटरचा एक धरला तरी दहा हजार लिटर हवा झाली, म्हणजे पाण्याचा एक अख्खा टँकर. भिंतीपलीकडे तांबडी पेशी पाऊण सेकंदच थांबते. तिच्यात हिमोग्लोबिनचे २७ कोटी रेणू, प्रत्येकात प्राणवायूच्या चार जागा. म्हणजे एकाच पेशीत शंभर कोटींहून जास्त जागा, आणि त्यांतल्या रिकाम्या असलेल्या जवळपास सगळ्या त्या पाऊण सेकंदात भरतात.

दुसरा तोडगा म्हणजे चमचा. हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त ढकलतं आणि अंगात रक्तही साधारण तेवढंच. आठ वर्षांची वाट मिनिटाभरात संपते.

हा चमचा थांबला की मेंदूच्या हाती चारेक मिनिटं उरतात. तेवढ्यात प्राणवायू आपणहून जाईल तो एक मिलिमीटर.