हेडफोनची निवड, निगा व कानांचे रक्षण

पूर्वी चैनीच्या समजल्या जाणाऱ्या वस्तू कालांतराने नित्य गरजेच्या होऊन बसतात, हा व्यवहारातला अनुभव आहे. हेडफोन ही अशांपैकीच एक वस्तू होय. सन १९१० च्या सुमारास अमेरिकेतील युटा प्रांतात नॅथॅनियल बाल्डविन या गृहस्थाने घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार करून तेथील आरमारास पुरविले. तेव्हा ते केवळ बिनतारी संदेश ऐकण्याचे साधन होते. आज ते विद्यार्थ्यांच्या दप्तरापर्यंत येऊन पोहोचले आहे. तथापि ही वस्तू पारखून कशी घ्यावी, बिघडल्यास दोष कसा शोधावा, आणि तिच्यापायी कानांस अपाय कसा होऊ देऊ नये, याचा विचार फार थोडे लोक करितात. यास्तव त्यासंबंधी चार उपयुक्त गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत.

प्रथम या यंत्राची रचना ध्यानात घेतली पाहिजे. बहुतेक हेडफोनमध्ये एक लहानसे लोहचुंबक, त्याजवळ बारीक तारेचे वेटोळे व त्या वेटोळ्यास चिकटविलेला पातळ पडदा असतो. वेटोळ्यातून विजेचा बदलता प्रवाह वाहू लागला म्हणजे ते मागेपुढे हालते, त्याबरोबर पडदा हालतो आणि हवेत ध्वनिलहरी उत्पन्न होतात. ध्वनिक्षेपकाचेही तत्त्व हेच. भेद काय तो आकाराचा.

आता खरेदीविषयी. दुकानात जाण्यापूर्वी आपणांस हेडफोन कशासाठी पाहिजे, हे ठरवावे. घरी शांतपणे पाठ ऐकावयाचे असल्यास संपूर्ण कान झाकणारा, मऊ गादीचा हेडफोन सोयीचा असतो. प्रवासात कानात बसणारे लहान इअरफोन बरे पडतात. मात्र त्यांची रबरी टोपी कानाच्या मापाची असावी. टोपी सैल असली म्हणजे खर्जातील स्वर निसटून जातात आणि यंत्र हलक्या प्रतीचे आहे असा उगाच ग्रह होतो. पुष्कळदा नवा हेडफोन न घेता निराळ्या मापाची टोपी बसविली तरी काम भागते.

वेष्टनावरील आकड्यांनी दिपून जाऊ नये. २० ते २०,००० हर्ट्‌झ हा आकडा बहुतेक सर्व वेष्टनांवर आढळतो. मनुष्याच्या श्रवणशक्तीची मर्यादाही साधारणतः तेवढीच असल्यामुळे त्यावरून बरेवाईट ठरत नाही. ओहम्‌चा आकडा मात्र अवश्य पाहावा. १६ ते ३२ ओहम्‌चे हेडफोन मोबाईलवर सहसा नीट चालतात. २५० किंवा ३०० ओहम्‌चे हेडफोन ध्वनिमुद्रणगृहांसारख्या ठिकाणी वापरण्याचे असून, त्यांस बहुधा निराळा अँप्लिफायर लागतो. असा महागडा हेडफोन मोबाईलला जोडून आवाज क्षीण येतो अशी तक्रार करणे व्यर्थ होय.

तारेचा घ्यावा की बिनतारी घ्यावा, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. तारेच्या हेडफोनला चार्जिंग लागत नाही, तो स्वस्त असतो आणि तुटलेली तार दुरुस्तही होऊ शकते. मात्र आपल्या मोबाईलला गोल पिनेचे भोक आहे की नाही, ते आधी पाहावे; सन २०१६ मध्ये अॅपल कंपनीने आयफोनमधून ते काढून टाकले व पुढे इतर पुष्कळ कंपन्यांनी तोच मार्ग धरिला. बिनतारी हेडफोन सुटसुटीत खरा, परंतु त्यातील बॅटरी काही वर्षांत दुबळी होते आणि लहान इअरफोनमध्ये ती बदलणे बहुधा शक्य नसते. कोणताही घ्या, पावती व हमीपत्र जपून ठेवा.

आता बिघाडाकडे वळू. दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा मुख्य नियम आहे. एका बाजूने आवाज येत नसल्यास तोच हेडफोन दुसऱ्या मोबाईलला जोडून पाहावा. तेथेही तीच बाजू मुकी राहिली, तर दोष हेडफोनचा. तेथे दोन्ही बाजू बोलू लागल्या, तर दोष पहिल्या मोबाईलचा. मोबाईलच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा तोल एका बाजूस सरकला असल्यास तो मध्यावर आणावा. तारेच्या हेडफोनची पिन पुरती आत जात नसेल, तर भोकात खिशातील कचरा साचला असण्याचा संभव असतो. मोबाईल बंद करून लाकडी काडीने तो हलकेच काढावा. सुई किंवा टाचणी कधीही घालू नये.

कधी कधी गाणे ऐकताना वाद्ये ऐकू येतात, पण गायकाचा आवाज दूर विहिरीतून आल्यासारखा भासतो. हा चमत्कार नव्हे. पिनेवर डावीकडील आवाजाचा, उजवीकडील आवाजाचा व दोहोंना सामाईक असा एकेक भाग असतो. सामाईक जोड सुटला म्हणजे दोन्ही बाजूंत जो फरक असेल तेवढाच ऐकू येतो. आणि गायकाचा आवाज दोहोंकडे सारखाच असल्यामुळे नाहीसा होतो. पिन पुरती आत दाबून पाहावी. तरीही दोष राहिल्यास पिनेजवळची तार तुटली असे समजावे. तार तेथेच वरचेवर मुडपली जाते. म्हणून हेडफोन काढताना तार न ओढता पिन धरावी आणि तार सैल गुंडाळून ठेवावी.

कानात बसणाऱ्या इअरफोनचा आवाज हळूहळू मंद झाला, तर बारीक जाळीत कानातील मळ साचला आहे काय ते पाहावे. जाळी खाली करून कोरड्या मऊ ब्रशने ती झाडावी. पाणी आत जाऊ देऊ नये. बिनतारी हेडफोन जुळत नसल्यास मोबाईलमधील जुनी नोंद पुसून जोडणी नव्याने करावी. संगणकावर बोलणे सुरू होताच संगीताचा आवाज एकाएकी हलका झाला, तर तो बिघाड नव्हे. हेडफोनचा माइक चालू होताच ब्लूटूथ पुष्कळदा संभाषणाच्या कमी प्रतीच्या पद्धतीकडे वळते. संगणकाचा स्वतःचा माइक निवडल्यास आवाज पूर्ववत होतो.

येथवर सांगितलेले सर्व दोष दुरुस्त होणारे आहेत, किंवा फार तर वस्तू बदलावी लागते. कानाचे तसे नाही. आपल्या अंतःकर्णात ध्वनी ग्रहण करणाऱ्या सूक्ष्म केशपेशी असतात. प्रचंड आवाजाने त्या एकदा नष्ट झाल्या, म्हणजे मनुष्याच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास फार तर ४० तास ऐकावा. मुलांसाठी तीच मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ऐकण्याचा सुरक्षित काळ निम्म्यावर येतो. म्हणजे मुलांना ७८ डेसिबलला २० तास, ८१ ला १० तास, आणि ९० डेसिबलला आठवड्यास केवळ सव्वा तास! यासाठी मोबाईलचा आवाज कमाल मर्यादेच्या ६० टक्क्यांवर नेऊ नये. गाडीच्या खडखडाटात आवाज वाढविण्याचा मोह होतो; तेथे कान नीट झाकणारा हेडफोन उपयोगी पडतो. परंतु रस्ता किंवा रेल्वेचे रूळ ओलांडताना हेडफोन काढून ठेवणेच शहाणपणाचे होय. कानात गुणगुण होऊ लागली, किंवा शेजाऱ्याचे बोलणे अस्पष्ट वाटू लागले, तर ती गोष्ट न लपविता आईवडिलांस सांगावी व वैद्याचा सल्ला घ्यावा.

पालकांसही एक विनंती आहे. मुलास हेडफोन देतेवेळी किमतीचा विचार जितका करिता, तितकाच आवाजाच्या मर्यादेचाही करा. आणि मोबाईलमध्ये ती मर्यादा बांधून देण्याची सोय असल्यास स्वतः बसून ती बांधून द्या. हेडफोन दुकानात पुन्हा मिळेल. ईश्वराने दिलेले कान कोणत्याही दुकानात मिळणार नाहीत, हे मात्र आपण सर्वांनी नित्य स्मरणात ठेवावे.