नळी तुंबण्याआधीचा निळा इशारा

रुग्णाला लावलेल्या लघवीच्या नळीला (कॅथेटरला) वायरलेस सेन्सर बसवला, तर जंतुसंसर्ग ताप येण्याआधीच कळेल का, असं एका वाचकांनी विचारलं आहे. कळेल, पण जंतू प्रोटियस मिराबिलिस असेल तर!

या जंतूची करामत विलक्षण आहे. युरिएज या विकरानं तो लघवीतला युरिया फोडतो आणि अमोनिया तयार करतो. एरवी किंचित आम्लधर्मी असलेली लघवी अल्कधर्मी होत जाते. मग तिच्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फॉस्फेटच्या स्फटिकांच्या रूपात नळीच्या आत बसू लागतं. बोअरच्या पाण्यानं गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, अगदी तसं. इथे तो थर जंतूंच्या चिकट पापुद्र्यात गुंतून वाढतो. नळी तुंबली की लघवी बाजूनं गळते, नाहीतर जंतूंसकट मूत्रपिंडाकडे उलटी चढते.

हे सगळं उलगडण्यात आयुष्य घालवलं ते कार्डिफ विद्यापीठाच्या डेव्हिड स्टिकलर यांनी. सेन्सरच्या बातम्यांत त्यांचं नाव सहसा नसतं, म्हणून इथे मुद्दाम थांबतो. त्यांनी काचेचं मूत्राशय बनवलं, ते शरीराच्या तापमानाला ठेवलं, त्यात रुग्णाला लावतात तशी खरी नळी घातली, कृत्रिम लघवी थेंबथेंब सोडली आणि नळी कधी व कशी तुंबते ते पाहिलं. मग ब्रोमोथायमॉल ब्लू हा शाळेच्या प्रयोगशाळेतला रंग सेल्युलोजच्या पट्टीत बसवून त्यांनी ती लघवीच्या वाटेवर ठेवली. पीएच 6 च्या खाली पिवळा, 7.6 च्या वर निळा! नळी बंद पडण्याच्या बरीच आधी पट्टी निळी होत असे. ना बॅटरी, ना अ‍ॅप. पुढे 2016 मध्ये बाथ विद्यापीठाच्या टोबी जेन्किन्स यांच्या गटानं नळीवर असा लेप दिला, की पीएच वाढताच त्यातून चमकदार रंग सुटावा. प्रयोगशाळेतल्या मूत्राशयात या रंगानं सुमारे 12 तास आधी सूचना दिली.

वायरलेस सेन्सरचे अनेक नमुनेही हाच पीएच टिपतात, फक्त डोळ्यांऐवजी रेडिओलहरींनी. पीएच बदलला की हायड्रोजेल फुगतं, त्यामुळे चिमुकल्या कॉइलची कंपनवारंवारता सरकते आणि बाहेरचं रीडर ती ओळखतं.

पण रुग्णालयात नळीमुळे होणाऱ्या संसर्गात सर्वाधिक आढळणारा ई. कोलाय युरिया फोडत नाही. त्याच्यापुढे पीएच सेन्सर मुकाच राहणार. शिवाय नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दर दिवशी 3 ते 7 टक्के असते. महिन्याभरात ते जवळपास प्रत्येकाच्या लघवीत सापडतात. नुसते जंतू असणं म्हणजे आजार नव्हे, आणि लक्षणं नसताना सहसा अँटिबायोटिक द्यायचंही नसतं. जंतू दिसला की वाजणारं यंत्र वॉर्डात आलं, तर औषधांचा अतिरेक वाढेल, अशी मला खरी भीती वाटते.

सेन्सरचा खरा उपयोग मणक्याच्या दुखापतीमुळे कायम नळी लावून घरी राहणाऱ्यांना आहे. अशा दीर्घकालीन रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांची नळी पुन्हा पुन्हा तुंबते. रुग्णालयातला प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेत संजय सेंट आणि सहकाऱ्यांनी 2000 साली चार रुग्णालयांतला अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या रुग्णाला नळी लावलेली आहे, हेच डॉक्टरांना 28 टक्के वेळा ठाऊक नव्हतं! नळी काढण्याची आठवण ठरावीक वेळी करून देण्याच्या पद्धतीनं हे संसर्ग निम्म्यावर आल्याचं नंतरच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. तेव्हा आपलं माणूस दाखल असेल, तर सकाळच्या राउंडला डॉक्टरांना रोज विचारा: नळी आज काढता येईल का?