लालबागेतील नाचण

इंदूरच्या लालबागेत जाणाऱ्यांचे लक्ष प्रथम राजवाड्याकडे वेधावे, हे स्वाभाविकच आहे. १८८६ मध्ये आरंभ होऊन १९२१ मध्ये पूर्ण झालेली होळकरांची ही वास्तू खान नदीच्या काठी उभी आहे. परंतु वाचकांनी क्षणभर तिच्याकडे पाठ करून जुन्या वृक्षांच्या सावलीत दृष्टी स्थिर करावी, असे आम्ही सुचवितो. तेथे नाचण पक्षी दिसण्याचा संभव असतो.

अंगलटीने हा चिमणीएवढाच, पण अधिक सडपातळ. रंग काळपट करडा, पोट पांढुरके, डोळ्यावर रुंद पांढरी भुवई आणि शेपटी पंख्यासारखी उलगडणारी. पंख किंचित खाली सोडून, शेपटी पसरून, या अंगावरून त्या अंगावर गिरक्या घेत तो फांदीवरून पुढे सरकतो. लोकांनी यात नृत्य पाहिले आणि त्याला तसेच नाव दिले.

हे नृत्य मात्र हौसेचे नव्हे, पोटासाठी आहे. पानांआड आणि सालीवर निमूट बसलेल्या कीटकांना शोधणे कठीण. उलगडलेल्या शेपटीच्या अकस्मात हालचालीने ते दचकून उडतात, आणि नाचण झेपावून, हवेतच वळसा घेऊन त्यांना टिपतो. चोच बुडाशी रुंद असून तिच्याभोवती राठ केस असतात. माशी, डास, बारीक किडे हे त्याचे भक्ष्य. याच कुळातील पक्षी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपर्यंत आढळतात, आणि तेही शेपटीचा असाच पंखा करतात.

उन्हाळ्यात अंगणात ज्वारीचे दाणे व पाण्याचे भांडे ठेवण्याची आपल्या घरांतील रीत स्तुत्य आहे. परंतु दाण्यांना नाचण शिवत नाही. त्याला जिवंत कीटकच हवेत. त्याची पिल्लेही कीटकांवरच वाढतात. नर-मादी दोघेही दिवसभर चारा आणीत असतात. औषध फवारलेल्या, पानन् पान झाडून काढलेल्या बागेत हा चारा मिळावा कोठून? चिमुकल्या वाटीसारखे घरटे बाहेरून लिंपण्यास त्याला कोळ्याची जाळीही लागतात. आपण तर ती केरसुणीने प्रथम काढून टाकतो.

म्हणून आमची विनंती एवढीच : इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे वा हैदराबाद, जेथे आपले बिऱ्हाड असेल तेथे झाडाखालचा पाचोळा थोडा राहू द्यावा, कुंपणालगतचे एखादे झुडूप वाढू द्यावे आणि विषारी फवारा शक्यतो टाळावा. नाचण पक्ष्याला दान नको आहे. त्याचा चारा त्याच्यासाठी शिल्लक ठेवला, तरी पुरे.