बाजूच्या काचेतील ऊन आणि वाहनचालकाची दृष्टी

उरण तालुक्यातील जासई हे गाव पनवेल परिसरातील वर्दळीच्या रस्त्यांवर वसलेले आहे. १९८९ साली न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. पुढे १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते चिर्ले या सुमारे २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. कंटेनर वाहून नेणारे ट्रेलर, मोटारी, दुचाकी आणि पायी जाणारे ग्रामस्थ यांची येथे एकाच परिसरात ये-जा असते. अशा ठिकाणी चालकाला दोन क्षण दिसेनासे होणे प्राणावर बेतू शकते. रस्ता सुरक्षेचा विचार करताना वेग, मद्यपान व हेल्मेट यांची चर्चा होते. खिडकीच्या काचेतून डोळ्यांवर येणाऱ्या उन्हाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

ऊन कोणत्या बाजूला?

आपल्या देशात चालकाचे आसन उजवीकडे असते. जासईहून गव्हाणफाटामार्गे बेलापूरकडे जाणारा रस्ता साधारणपणे उत्तरेस जातो. सकाळी या रस्त्याने निघालेल्या चालकाच्या उजव्या हाताला पूर्व दिशा असते. सायंकाळी दक्षिणेकडे परतताना त्याच हाताला पश्चिम येते. म्हणजेच जासईहून बेलापूरला नोकरीस जाणाऱ्या चालकाच्या खिडकीवर दोन्ही वेळा सूर्य असतो. याउलट सकाळी बेलापूरहून जासईकडे येणाऱ्याला जाता-येता ऊन डावीकडून लागते. गाव आणि कामाचे ठिकाण यांच्या दिशा पाहून प्रत्येकाला आपला हिशेब मांडता येईल. शिक्षकांना भूगोलाच्या तासाला यापेक्षा सोपे उदाहरण मिळणार नाही.

ऋतूप्रमाणे यात फरक पडतो. डिसेंबरच्या अखेरीस आपल्या अक्षांशावर सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेस उगवतो आणि तितकाच पश्चिमेच्या दक्षिणेस मावळतो. त्यामुळे हिवाळ्यातील सायंकाळी दक्षिणेकडे निघालेल्या चालकाला ऊन समोरची काच आणि खिडकी यांच्या मधल्या कोपऱ्यातून तिरपे लागते. या दिवसांत सूर्य क्षितिजापासून १५ अंश वर येण्यास सुमारे सव्वा तास लागतो. नेमकी हीच वेळ अनेकांच्या शाळेला व कचेरीला निघण्याची असते.

डोळ्याला काय होते?

तीव्र प्रकाश डोळ्यात शिरला की त्याचा काही अंश आत विखुरतो आणि दृष्टिपटलावर धुक्यासारखा थर पसरतो. वस्तू नाहीशा होत नाहीत, पण त्यांच्या उजेड-सावलीतील फरक पुसट होतो. राखाडी रस्त्यावरील मळकट कपड्यातील पादचारी अशा वेळी दिसत नाही. वय वाढेल तसा हा त्रास वाढतो आणि मोतीबिंदू असल्यास अधिकच जाणवतो. काचेवरील धूळ व आतल्या बाजूचा तेलकट थरही प्रकाश विखुरतो.

ऊन बाजूचे आहे, मग समोर पाहताना त्याचे काय, असे वाटणे साहजिक आहे. परंतु वळण्यापूर्वी किंवा पुढील वाहन ओलांडण्यापूर्वी चालकाला उजव्या आरशात पाहावे लागते. त्या क्षणी त्याची नजर उन्हाच्या दिशेला जाते. मागून येणारा दुचाकीस्वार नेमका तेव्हाच नजरेतून सुटतो.

कोणते उपाय करावेत?

पहिला उपाय गाडीतच असतो. चालकाच्या डोक्यावरील व्हायझर बहुतेक मोटारींत एका टोकाचा खटका सोडवून खिडकीकडे फिरवता येतो. अनेक चालकांना हे ठाऊक नसते. आसन वरखाली होत असल्यास ते किंचित उंच केल्याने खाली आलेला सूर्यही व्हायझरच्या आड जातो. पुढे छज्जा असलेली टोपी तिरकी घातल्यास तीही उपयोगी पडते. पोलराइज्ड चष्म्यामुळे ओल्या रस्त्यावरून व खाडीच्या पाण्यावरून परावर्तित होणारी चकाकी कमी होते. उन्हात आपोआप काळे होणारे चष्मे मात्र मोटारीत पुरेसे काळे होत नाहीत, कारण त्यांना लागणारे अतिनील किरण समोरची काच बरेचसे अडवते. काचा आतून-बाहेरून रोज पुसाव्यात. ऊन डोळ्यांवर असेल तेव्हा वेग कमी करून पुढील वाहनापासूनचे अंतर वाढवावे.

खिडकीत टॉवेल किंवा वर्तमानपत्र अडकवण्याची सवय घातक आहे. त्याने ऊन अडते, पण आरसा आणि रस्ताही झाकला जातो. रबरी चकत्यांनी चिकटणारे जाळीचे पडदे चालकाच्या खिडकीवर लावावयाचे ते गाडी उभी असतानाच.

काळ्या काचांचा प्रश्न

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवर काळ्या फिल्म चिकटवण्यास मनाई केली. पुढे नियमात दुरुस्ती झाली आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२४ साली, प्रकाशाची मर्यादा पाळणाऱ्या ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला मुभा असल्याचा निर्णय दिला. ७० व ५० टक्क्यांचे बंधन मात्र कायम आहे. शिवाय फिल्मने हा प्रश्न सुटतही नाही. सूर्याचे तेज निम्मे केले तरी ते डोळे दिपवण्यास पुरेसे असते. अंधार पडल्यावर मात्र मुळातच अपुरा असलेला उजेड त्यामुळे आणखी घटतो.

कचेऱ्यांनी आपल्या वाहनचालकांना व्हायझरचा हा वापर प्रत्यक्ष दाखवावा. ग्रामपंचायतींनी शाळेजवळ रस्ता ओलांडण्याच्या जागा सकाळी आणि सायंकाळी पाहून ठरवाव्यात. मुलांना एक साधी खूण शिकवावी : आपली लांब सावली येणाऱ्या वाहनाच्या दिशेने पडत असेल, तर त्या चालकाच्या डोळ्यांवर ऊन आहे. त्याने आपल्याला पाहिले आहे, असे गृहीत न धरता वाहन थांबल्यावरच रस्ता ओलांडावा.