दुपारच्या चहाचा माल : नानखटाई, केक आणि कप-बशा

असरनंतरचा चहा आपल्या घरांत जुनाच आहे. त्याबरोबरची नानखटाई, केक, खारी घरीच भाजून विकण्याचा व्यवसाय आता आपल्या वस्त्यांतील अनेक भगिनी करतात. भांडवल थोडे, जागा घरचीच. पण या धंद्यात दोन गोष्टी कच्च्या राहतात : एक हिशेब आणि दुसरी जिन्नसांची पारख.

नानखटाईचेच घ्या. 'नान' म्हणजे फारसीत रोटी. हा पदार्थ सुरतेच्या बेकऱ्यांनी नावारूपाला आणला. मैदा ५०० ग्रॅम, बेसन १०० ग्रॅम, पिठीसाखर २७५ ग्रॅम, तूप ३५० ग्रॅम, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि वेलची. एवढ्यात तीस-तीस ग्रॅमचे सुमारे ४० नग होतात. १६० ते १७० अंशांवर अठरा-वीस मिनिटे भाजावे. पूर्ण थंड झाल्याशिवाय डब्यात भरू नये, वाफ धरून माल मऊ पडतो. भाव ठरवताना बहुतेक जणी मैदा-तुपाचे पैसे धरतात, मात्र वीज, खोके, तुटलेले नग आणि स्वतःची मजुरी सोडून देतात. आम्ही कापडवाले कटपीससुद्धा हिशेबात घेतो. मजुरी न धरता विकलेला माल कितीही खपला तरी घरात पैसा दिसत नाही.

आता पारख. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून आपण निश्चिंत होतो. हा ठिपका जिन्नस शाकाहारी आहे एवढेच सांगतो. म्हणजे डुकराच्या किंवा अन्य जनावराच्या चरबीचा प्रश्न मिटतो. मद्यार्काबद्दल तो काहीच बोलत नाही. व्हॅनिलाचा अस्सल अर्क मद्यार्कात काढलेला असतो. बाजारातल्या कित्येक इसेन्समध्ये मात्र प्रोपिलिन ग्लायकॉल असते. तेव्हा बाटलीवरची बारीक अक्षरे वाचावीत. मूस आणि चीजकेक घट्ट करायला लागणारे जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचे असते, कोणत्या जनावराचे ते विचारल्याशिवाय कळत नाही. त्यापेक्षा समुद्री शेवाळाचा चायना ग्रास बरा. ४७१ क्रमांकाचा घटक वनस्पतीचाही असतो, प्राण्याचाही. इथे मात्र हिरवा ठिपका कामी येतो.

गिऱ्हाइकांत आपले हिंदू-जैन शेजारीही असतात. अंडे घातलेल्या केकच्या पाकिटावर हिरवा ठिपका लावणे हा कायद्याने गुन्हा आणि अमानतीत खयानत. त्यावर तपकिरी त्रिकोणच हवा. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली घरून विकणाऱ्यालाही नोंदणी घ्यावी लागते.

राहिल्या कप-बशा. बोन चायना हा माल अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील स्टोक येथे जोशाया स्पोड यांच्या कारखान्यात नावारूपास आला. नावाप्रमाणे त्यात जनावरांच्या, बहुधा गुराढोरांच्या, हाडांची राख किमान तीसेक टक्के असते. तो नाजूक, पातळ, उजेडाला धरला तर बोटांची सावली दिसते. गिऱ्हाईक विचारते, चालतो का? भट्टीत हाड जळून राख होते, तिचे रूप बदलते. यावर आलिमांनी चर्चा केलेली आहे, आपल्या मुफ्तींचा मशवरा घ्यावा. दुकानदाराने मात्र डब्यावर काय आहे ते लपवू नये. ज्याला शंकाच नको, त्याच्यासाठी खुर्जाच्या कारागिरांचा चिनी मातीचा माल आहे.

कप टिकवायचे तर थंड कपात एकदम उकळता चहा ओतू नये. आधी कोमट पाण्याने कप धुवावा. सोनेरी काठाचा कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, ठिणग्या उडतात आणि काठही जळतो. तारेची घासणी त्याला लावू नये. चहाचे तपकिरी डाग ओल्या खाण्याच्या सोड्याने बोटाने चोळले की जातात. बशा एकावर एक रचताना मध्ये कापडाचा तुकडा घालावा. दस्तरखानावर दुधाचा चहा सांडला तर आधी थंड पाणीच वापरावे. गरम पाण्याने दुधाचा डाग सुतात बसतो. रंगीत सुती कापडाला ब्लीच लावणे म्हणजे डागाबरोबर रंगही घालवणे.

कप-बशा विकणाऱ्यांनी पूर्ण संचाबरोबर सुटे नगही ठेवावेत. सहांतला एक कप फुटलेले गिऱ्हाईक अख्खा संच बदलत नाही. एकच कप शोधत फिरते आणि जिथे मिळतो तिथेच पुढची खरेदी करते.