बारा फुटांवरून दिसणारी मुंबई

फोर्ट भागातल्या इमारतींवर पाहण्यासारखं जे काही आहे, ते बहुतेक सगळं माणसाच्या डोक्याच्या वर आहे. फुटपाथवरून चालताना दिसतात त्या लोखंडी जाळ्या, दुकानांच्या पाट्या, मोबाइलच्या कव्हरांचे ठेले आणि उभ्या केलेल्या गाड्या. कोरीव काम सुरू होतं ते पहिल्या मजल्याच्या कठड्यापासून. म्हणून ही जुनी मुंबई कुणाला दाखवायची असेल, तर छप्पर नसलेल्या डबल डेकरसारखं साधन नाही, असं माझं ठाम मत आहे. वरच्या मजल्यावर बसलं की नजर साधारण बारा फुटांवर जाते. ठेले, पाट्या खाली राहतात आणि दगडाची मुंबई समोर येते.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आणि बेस्ट यांनी १९९७ मध्ये ‘नीलांबरी’ ही उघड्या छताची बस सुरू केली, तेव्हापासून कितीतरी कुटुंबांनी अशी मुंबई पाहिली. शनिवार-रविवारची संध्याकाळ, गेटवेपाशी लागलेली रांग, वरच्या मजल्यावरची जागा मिळावी म्हणून मुलांनी चालवलेला हट्ट. कंडक्टरने डबल बेल दिली की गाडी हलायची. झाडं आली की गाइड माइकवरून डोकं सांभाळायला सांगायचा आणि सगळे एकदम वाकायचे. तासाभरात फोर्ट, ओव्हल, मरीन ड्राइव्ह असा फेरा व्हायचा, इमारतींवर दिवे सोडलेले असायचे.

गाइड जे सांगतो ते सहसा बरोबर असतं. इमारत कधी झाली, शैली कुठली, आराखडा कुणाचा, सगळं ठरलेलं. विटेट, स्कॉट, फुलर, स्टीव्हन्स ही नावं ओळीने येतात. मात्र त्याच इमारती ज्यांनी उभ्या केल्या, त्यांच्यातली काही आपली माणसंही नोंदींमध्ये नावानिशी आहेत. ती नावं माइकवर क्वचितच ऐकू येतात. माझा सगळा आग्रह त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात गेटवेपासूनच करता येईल. राजा पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ ला इथे उतरला, तेव्हा ही कमान नव्हतीच. स्वागतापुरता एक तात्पुरता देखावा उभा केला होता. पायाचा दगड मार्च १९१३ मध्ये बसवला गेला, जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये, आणि समुद्रात भर घालून पाया तयार व्हायला १९२० साल उजाडलं. ४ डिसेंबर १९२४ ला उद्घाटन झालं. खर्च सुमारे २१ लाख. कमानीसमोरून सरळ रुंद रस्ता काढायचा बेत पैशांअभावी राहून गेला, म्हणून आजही गेटवेकडे येताना आपण तिरके येतो. हे सगळं गाइड सांगतो. पण खवळत्या समुद्राच्या काठावर ते बांधकाम तडीस नेण्याची जबाबदारी सांभाळली ती रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई या अभियंत्याने. विटेटच्या नावापाठोपाठ हे एक नाव घ्यायला किती सेकंद लागतात?

तिथून गाडी ज्या भागात शिरते तो जवळजवळ एका पिढीत उभा राहिला. १८६२ पासून गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात किल्ल्याचे तट पाडले गेले आणि मोकळी जागा हाती आली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं. तिकडचा कापूस बंद झाल्याने लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसाकडे वळल्या आणि शहरात पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, सट्टा करणारे रस्त्यावर आले. इमारतींची कामं मात्र पुढची दोन दशकं चालूच राहिली.

या पैशाची सगळ्यात उंच खूण म्हणजे राजाबाई टॉवर. कापसाच्या व्यापारातलं बडं प्रस्थ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले, आणि मनोऱ्याला आईचं नाव दिलं. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. हा माणूस हिंदुस्थानात कधी आलाच नाही. नकाशे लंडनहून आले. १ मार्च १८६९ ला पाया घातला गेला आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये २८० फुटांचा मनोरा पूर्ण झाला.

आता गाडी ओव्हलच्या कडेने जात असताना मनोऱ्याच्या कोपऱ्यांकडे पाहावं. जमिनीपासून सुमारे तीस फुटांवर, खांबांत कोरलेल्या कोनाड्यांमध्ये माणसांचे पुतळे उभे आहेत, प्रत्येक जवळपास आठ फूट उंच. सर्वांत वरच्या सज्जाच्या वर आणखी सोळा आहेत, असे मिळून चोवीस. देव नाहीत, संत नाहीत, राणी नाही. पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची ही माणसं आहेत, आपापल्या पोशाखात, आपापलं पागोटं किंवा पगडी चढवलेली. फुटपाथवरून पाहिलं तर आवाराची भिंत आणि झाडं आड येतात, आणि नुसती मान दुखते. वरच्या मजल्यावरून खालचे पुतळे बऱ्यापैकी नजरेच्या टप्प्यात येतात. पगडीचे पीळ दगडात कसे फिरवलेत, उपरण्याची चुणी कशी पडली आहे, हे संध्याकाळच्या तिरक्या उन्हात स्पष्ट कळतं.

या पुतळ्यांचे नमुने घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. ते सहायक अभियंता होते. जुन्या इंग्रजी प्रवासी मार्गदर्शिकांमध्ये त्यांचं नाव छापलेलं आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी बोटीतून उतरणाऱ्या गोऱ्या प्रवाशाला जे सांगितलं जात होतं, ते आज आपल्याच माणसांना सांगितलं जात नाही. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

माणसांची अशी जातवार मांडणी हा त्या काळच्या सरकारचा छंद होता, हे विसरून चालणार नाही. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे फोटोंचे आठ खंड सरकारने काढले, त्यात माणसं नमुन्यासारखी लावलेली आहेत. राजाबाई टॉवरवरची कल्पनाही त्याच कुळातली. तरी ती दगडात उतरवताना ज्याचा हात चालला तो याच मातीतला होता. फेटा कसा बसतो, धोतराचा सोगा कुठे खोचतात, हे त्याला कुणाच्या पुस्तकातून शिकावं लागलं नसणार. म्हणूनच या पुतळ्यांत एक ऐट आहे. वर्गीकरणासाठी उभी केलेली माणसं अशी उभी राहत नाहीत.

शेजारच्या उच्च न्यायालयापाशी गाइडला हमखास हशा मिळतो. जेम्स फुलरची ही इमारतही १८७८ चीच. तिच्यावर हातात तराजू घेतलेलं एका डोळ्याचं माकड कोरलेलं आहे. कंत्राटाच्या भांडणात हरलेल्या कुणीतरी न्यायावर काढलेला हा राग, अशी कथा सांगतात. कथा छान आहे, आणि तिला आधार आहे तो फक्त सांगणाऱ्याच्या तोंडचा. अशा आख्यायिकेला दोन मिनिटं मिळतात, आणि ज्याचं नाव छापील नोंदीत आहे त्या मुकुंद रामचंद्रांना अर्धं मिनिटही नाही.

हुतात्मा चौकात गाडी वळसा घेते. १८६४ मध्ये उभारलेल्या फ्लोराच्या कारंज्याशेजारी संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचं स्मारक आहे. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात मोर्चावर गोळीबार झाला. इथे बहुतेक मराठी प्रवासी आपसूक गप्प होतात, गाइडने काही सांगण्याची गरज उरत नाही.

मग बोरीबंदर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं काम १८७८ मध्ये सुरू झालं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला, १८८७ मध्ये, त्याला तिचं नाव दिलं गेलं आणि १८८८ मध्ये ते पुरं झालं. २००४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे वास्तुकाराचं नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्याच्या हाताखाली सहायक अभियंता म्हणून सीताराम खंडेराव वैद्य होते आणि देखरेखीला माधवराव जनार्दन. एवढा मोठा घुमट आतून खांबाच्या आधाराशिवाय उभा राहिला, तो रोज उन्हात उभं राहून गवंड्यांकडून काम करून घेणाऱ्या अशा माणसांमुळे.

सिग्नलला गाडी थांबली की दर्शनी भिंतीवरच्या गोल चौकटी पाहाव्यात. जीआयपी रेल्वेच्या जुन्या संचालकांचे चेहरे त्यात आहेत, आणि त्यांत पगडीतले नाना शंकरशेठ. मधल्या घड्याळाखालचा राणीचा कोनाडा स्वातंत्र्यानंतर रिकामा झाला, नाना आपल्या जागी आहेत. आजूबाजूला मोर, घुबडं, माकडं, पानंफुलं यांची दाटी. हे बरंचसं नक्षीकाम सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं. त्यांचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात याच शाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते, लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करवून घेत होते. लेण्यांच्या छतावरची कमळं, हंस, वेली महिनोन्महिने रेखाटणाऱ्या शाळेच्या हाती स्टेशनची भिंत आली. टर्मिनसच्या नक्षीत इंग्लंडचं गॉथिक आहे, इटलीचंही आहे. पण पानाला दिलेली ती भरगच्च गोलाई मला अजिंठ्याच्या शेजारची वाटते. हा माझा अंदाज आहे, पण पाहून पाहून पक्का झालेला.

ज्यांची नावं कुठेच नाहीत, त्यांचं काय? कुर्ल्याचा पिवळसर दगड, मालाडचा दगड, पोरबंदरचा चुनखडीचा दगड, आणि आपला काळा बेसाल्ट. हे फोडणारे, वाहणारे, घडवणारे हजारो हात होते. त्यांतले पुष्कळ निजामाच्या राज्यातून आलेले तेलुगू कामाठी होते. ज्यांच्या वस्तीवरून कामाठीपुरा हे नाव पडलं, त्या लोकांनी या शहराचा दगड न् दगड बसवला, आणि शहराने कामाठीपुरा हे नाव भलत्याच कारणाने लक्षात ठेवलं. महापालिकेच्या मुख्यालयासमोर गाडी येईल तेव्हा हे जरूर सांगावं. स्टीव्हन्सचीच ही इमारत १८९३ मध्ये पूर्ण झाली. मंजूर रक्कम ११,८८,०८२ रुपये, खर्च ११,१९,९६९. म्हणजे ६८,११३ रुपये वाचले! सरकारी बांधकामात असं घडू शकतं, हे आजच्या करदात्याला कळायला हवं.

जुन्या डिझेल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, उघड्या छताच्या गाड्यांनाही ऑक्टोबरात निरोप दिला गेला. १९३७ पासून मुंबईत दुमजली बस धावत होती, त्यामुळे शेवटच्या फेरीला लोक हार घेऊन आले ते साहजिक होतं. विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित डबल डेकर त्याच वर्षी फेब्रुवारीत आल्या. त्यांत गारवा आहे, धूर नाही, हे चांगलंच. पण मधे काच आहे, आणि संध्याकाळी दगडापेक्षा आपलाच चेहरा जास्त दिसतो. पर्यटनासाठी उघडा वरचा मजलाच हवा, या मागणीवर मी अडून आहे.

पुन्हा फेरीकडे येऊ. ओव्हलच्या दुसऱ्या बाजूला, आणि तिथून मरीन ड्राइव्हपर्यंत, १९३० च्या दशकात वेगळीच मुंबई उभी राहिली. बॅकबेत भराव घालून मिळालेल्या जमिनीवर सिमेंट-काँक्रीटच्या, गोलसर सज्जांच्या आर्ट डेको इमारती आल्या. मैदानाच्या एका अंगाला गॉथिक, दुसऱ्या अंगाला डेको, म्हणून २०१८ मध्ये या दोन्हींना मिळून युनेस्कोचा मान मिळाला. गाइड इथे इरॉस चित्रपटगृह दाखवतो, मरीन ड्राइव्हच्या दिव्यांचा ‘राणीचा हार’ दाखवतो. त्याने आणखी एक सांगावं. त्याच्या पन्नास वर्षं आधी पलीकडच्या बाजूला जे सहायक म्हणून राबले, त्यांच्यानंतरच्या पिढीने या बाजूला स्वतःच्या सहीने आराखडे काढले. गजानन बाबुराव म्हात्रे हे त्यांतलं मोठं नाव. मरीन ड्राइव्ह आणि वीर नरिमन रस्त्याच्या कोपऱ्यावरचा सूना महाल त्यांचा, १९३७ चा. त्या सिग्नलला गाडी चांगली मिनिटभर थांबते. म्हात्र्यांचं नाव सांगून वर कोपऱ्यातला गोल मनोरा दाखवायला तेवढा वेळ पुरतो.